तक्त्याचे चावडी वाचन

हिशेब लिहिणे ही एक विद्या आहे. एका वहीतला हिशेब दुसऱ्या वहीत, दुसऱ्या लिपीत किंवा दुसऱ्या यंत्रात आकडा न सांडता उतरवणे ही दुसरी विद्या. आणि आमच्या मते ती पहिलीइतकीच मोलाची आहे. पहिलीचे कौतुक पुष्कळ झाले. दुसरीचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही, कारण ते काम कारकुनाचे मानले गेले. संगणकावरच्या तक्त्यातील माहिती, लहानसा प्रोग्राम लिहून, निरनिराळ्या जातीच्या फाइलींत उतरवणे, ज्याला त्या धंद्यातली मंडळी 'एक्स्पोर्ट' म्हणतात, हे या जुन्या विद्येचे आजचे रूप होय. विषय ऐकून कोणी म्हणेल, हा तर कॉम्प्युटर क्लासचा धडा. कामगार संघटनेच्या माणसाला त्याचे काय? त्यास आमचे उत्तर असे की, कामगाराची हजेरी, त्याचा पगार, त्याचा फंड आणि म्हातारपणी मिळावयाचे निवृत्तिवेतन ही सारी आज अशा तक्त्यांत राहतात. तक्ता एका फाइलीतून दुसरीत जाताना एक ओळ गळाली, तर एका माणसाचा महिना गळतो.

बांद्याच्या माणसाला हा विषय परका वाटू नये. तेरेखोलच्या खोऱ्यातले हे बाजाराचे गाव पिढ्यान्‌पिढ्या दोन राज्यांच्या वेशीवर राहिले. १९४८ पर्यंत अलीकडे सावंतवाडीचे संस्थान होते आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता. एका बाजूचे दफ्तर मराठीत, दुसऱ्या बाजूचे पोर्तुगीज भाषेत. आज दोन्हीकडे आपलेच राज्य आहे. तरीही जमिनीचा उतारा अलीकडे 'सात-बारा' आणि पलीकडे 'एक-चौदा'. माती तीच, काजूचे झाड तेच, मालकाचे नाव, क्षेत्र, कूळ, पीक हे रकानेही थोड्याफार फरकाने तेच. पण नमुना निराळा. ज्या घराची बागायत हद्दीच्या दोन्ही अंगांना आहे, त्या घरातल्या माणसाला 'एकच माहिती, दोन नमुने' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

आपल्या भाषेत या विद्येचे शब्द पहिल्यापासून आहेत. 'फडणीस' हा शब्द 'फर्दनवीस' या फार्सी शब्दावरून आला, असे कोशकार सांगतात. फर्द म्हणजे यादीचा, हिशेबाचा सुटा कागद. फर्दनवीस म्हणजे तो लिहिणारा. आजच्या स्प्रेडशीटला शोभेल असा याहून चांगला देशी शब्द आम्हांस ठाऊक नाही. आमचा वाणी दिवसभराची देवघेव कीर्दीत लिहितो आणि मग तीच रक्कम नावानावाने खतावणीत नेतो. कीर्द तारखेने लावलेली, खतावणी खात्याने लावलेली. माहिती एकच, मांडणी दोन. दोन्हींची बेरीज जुळते की नाही हे पाहण्यास 'ताळा करणे' म्हणतात. ताळा न करता वही बंद करणारा गुमास्ता कोणत्याही पेढीवर फार दिवस टिकला नाही.

पुढे लिपीचाच प्रश्न उभा राहिला. शतकानुशतके मराठी दफ्तर मोडीत चालले. विसाव्या शतकात सरकारी कामातून मोडी मागे पडली, मग शाळांतूनही गेली, आणि आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला वाचता येईना. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत बालबोध लिपीत छापून निघाले, तेव्हा कोठे ते सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. हेही एक प्रकारचे एक्स्पोर्टच होते. फरक इतकाच की ते काम मोडी वाचणाऱ्या माणसांनी डोळे शिणवून केले. संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली. कागद जपला एवढ्याने नोंद जपली जात नाही. ती वाचण्याची वाटही जपावी लागते.

आता यंत्राकडे वळू. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या व्यापार-शिक्षणसंस्थेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. वर्गात फळ्यावर मोठे कोष्टक मांडले जाई. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने आपोआप का करू नये, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केले आणि १९७९ साली ते बाजारात आले. त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. १९८३ साली 'लोटस १-२-३' आले, १९८५ साली मॅकिन्टॉश यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टचे 'एक्सेल' आले. प्रत्येकाने आपापली फाइल आपापल्या गुप्त खुणांनी लिहिली. एकाचा तक्ता दुसऱ्याला वाचता येईना. गिऱ्हाईक एका दुकानात शिरला की त्याचा हिशेबच त्या दुकानात गहाण पडू लागला. ही अडचण व्हिजिकॅल्कच्या कर्त्यांनाही जाणवली होती, म्हणून त्यांनी तक्त्यांच्या देवघेवीसाठी 'डीआयएफ' नावाचा साधा नमुना काढला. म्हणजे स्प्रेडशीट जन्मली आणि तिच्या पाठोपाठ एक्स्पोर्टची गरजही जन्मली.

आपल्या देशातील कामगार चळवळीची आणि या यंत्राची पहिली गाठ निराळ्या मैदानावर पडली. १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्याच्या इलॅको हाउसमध्ये संगणक बसू नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. त्या लढ्यांत प्रश्न माणसाच्या नोकरीचा होता आणि तो न्याय्य होता. यंत्र आले, ते राहिले, आणि मग दुसरा प्रश्न उभा राहिला: यंत्रात जी नोंद शिरली ती कोणाला वाचता येणार? मालकाला येते. कामगाराला येते काय?

या प्रश्नाचे उत्तर फाइलीच्या जातीवर अवलंबून आहे. म्हणून तिच्या चार-पाच जाती ओळखून घेऊ.

सर्वांत जुनी आणि गरीब जात 'सीएसव्ही'. एक नोंद म्हणजे एक ओळ, आणि ओळीतील दोन रकान्यांमध्ये एक स्वल्पविराम. रंग नाही, रेघ नाही, सूत्र नाही. १९७० च्या दशकापासून ती वापरात आहे. २००५ साली तिचे नियम टिपून ठेवण्यात आले. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही साध्या संपादकात ती उघडते. पन्नास वर्षांनंतरही उघडेल, असे आम्ही खात्रीने म्हणू. दुसरी जात एक्सेलची. तिची जुनी फाइल बंद पेटीसारखी होती. २००७ पासूनची 'एक्सएलएसएक्स' म्हणजे अनेक मजकुरी फाइली एका पिशवीत दाबून भरलेले गाठोडे. झिप फाइलीसारखे ते उघडूनही पाहता येते. तिसरी 'एक्सएमएल', १९९८ सालची. तिच्यात प्रत्येक आकड्याच्या मागेपुढे त्याच्या रकान्याचे नाव लिहिलेले असते. चौथी 'जेसन', याच शतकाच्या आरंभीची. ती नावासह आकडा देते, पण थोडक्यात. यंत्राने यंत्राशी बोलताना आज बहुधा हीच भाषा चालते. पाचवी 'पीडीएफ', १९९३ सालची. ती छापील पानाचे हुबेहूब रूप. वाचायला उत्तम, पण तिच्यातील आकड्यांची बेरीज यंत्राकडून करून घ्यावयाची म्हणजे आधी ते आकडे खरवडून काढावे लागतात. स्कॅन केलेले पान असेल तर तो नुसता फोटो. ज्याला माहिती द्यावी लागते पण द्यावयाची नसते, तो पीडीएफ देतो.

आपल्या बाजारपेठेतील दुकानदारांना या जातींची नावे माहीत नसली तरी परिचय आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याचे विवरण भरताना एक्सेलमधील बिले सरकारी साधनात घातली की त्याची जेसन फाइल तयार होई आणि ती वर चढवावी लागे. टीडीएसच्या पत्रकाची मजकुरी फाइल असते. तिच्यात दोन रकान्यांच्या मध्ये टोपीसारखे एक चिन्ह येते. आणि आमच्या जिव्हाळ्याची फाइल म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची. १९५२ च्या कायद्यापासून सहा दशके मालक फंडाची वार्षिक पत्रके कागदावर भरत आला. २०१२ साली ईसीआर नावाचे इलेक्ट्रॉनिक चलन-पत्रक आले. २०१४ साली प्रत्येक सभासदाला १२ अंकी यूएएन क्रमांक मिळू लागला, आणि नोकरी सावंतवाडीहून गोव्यात गेली तरी माणसाचे खाते एका क्रमांकाखाली जोडण्याची सोय झाली. या क्रमांकावर बेतलेल्या नव्या पत्रकात एका कामगाराची एक ओळ, ओळीत ११ रकाने: क्रमांक, नाव, एकूण वेतन, फंडाचे वेतन, पेन्शनचे वेतन असे करीत शेवटी वर्गणीविना गेलेले दिवस आणि परत केलेली उचल. दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम नसून तीन खुणांचा एक जुडगा असतो. हा जुडगा कोणाच्या नावात किंवा रकमेत येणे शक्य नाही. म्हणून रकाने फुटत नाहीत. साध्या कारकुनी शहाणपणाचा हा नमुना आम्हांस फार आवडतो.

कारण रकाने फुटतात, आणि आकडे सांडतात. ते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपण एक लाख हा आकडा दोन स्वल्पविराम देऊन लिहितो. नीट लिहिलेला प्रोग्राम अशा आकड्याभोवती अवतरणचिन्हे घालतो. निष्काळजीपणे लिहिलेला घालत नाही, आणि मग सीएसव्हीमध्ये एका लाखाचे तीन तुकडे होऊन तीन रकान्यांत पडतात. यूएएन १२ अंकी आहे. साध्या घरात टाकला की एक्सेल तो 'अमुक गुणिले दहाचा अकरावा घात' अशा शास्त्रीय थाटात दाखवते. तसाच तक्ता सीएसव्हीत उतरवला तर जे दिसते तेच फाइलीत जाते आणि शेवटचे अंक कायमचे पुसले जातात. एक्सेल पंधराच अंक खरे धरते, म्हणून बँकेचा सोळा अंकी खातेक्रमांक आकडा म्हणून लिहिला की सोळाव्या जागी शून्य येते. क्रमांकाच्या आरंभीचे शून्य तर गुपचूप उडते. देवनागरी नाव योग्य अक्षरसंचात उघडले नाही तर युरोपी अक्षरांची खिचडी दिसते. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या याद्यांची हीच दशा झाली. पडद्यावर मराठी दिसे, पण आत अक्षरे रोमनच्या जागांवर बसलेली असत. फाँट काढून घेतला की नाव नाहीसे. आणि जंतुशास्त्रापासून वंशशास्त्रापर्यंत कोणीही यातून सुटलेले नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकते, म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० साली ती नावेच बदलली.

याच वर्षी इंग्लंडात जे घडले ते तर साऱ्या जगाने पाहिले. करोनाच्या तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइलींत येत. सरकारी आरोग्यखाते ते जुन्या एक्सेल नमुन्यात घेई. त्या नमुन्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी कोठे गेल्या हे यंत्राने सांगितले नाही आणि माणसाने विचारले नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून वगळले गेले आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. नव्या नमुन्यात १०,४८,५७६ ओळी मावतात, ही खरी गोष्ट. परंतु भांडे मोठे केल्याने ताळा करण्याचे काम सुटत नाही.

हे उतरवण्याचे काम प्रोग्राम कसा करतो, तेही सांगतो. त्यात जादू काही नाही. १९९१ साली गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने 'पायथन' ही भाषा लोकांपुढे ठेवली. ती फुकट आहे. तीत सीएसव्ही वाचण्या-लिहिण्याचे साधन २००३ पासून अंगभूत आहे, आणि २००८ साली वेस मॅकिनी यांनी आरंभलेला 'पांडाज' हा संच तर तक्त्यांसाठीच आहे. काम पाच पायऱ्यांचे. तक्ता उघडा. पहिली ओळ मथळ्यांची म्हणून बाजूस ठेवा. क्रमांकाचे रकाने 'आकडा' म्हणून न वाचता 'मजकूर' म्हणून वाचा. एकेक ओळ घेऊन हव्या त्या नमुन्यात लिहा. आणि शेवटी आधी किती ओळी होत्या, नंतर किती झाल्या, वेतनाची बेरीज आधी किती होती आणि नंतर किती आली, हे छापा. पहिल्या चार पायऱ्या दहा-बारा ओळींत होतात. पाचवी दोन ओळींची आहे, आणि तीच बहुधा कोणी लिहीत नाही.

आमच्या कामातील एक प्रसंग सांगतो. हद्दीपलीकडील एका कारखान्यात कंत्राटदाराकडे आमच्या पंचक्रोशीतील चाळीसएक माणसे होती. पहाटेची गाडी धरून जावे, रात्री परत यावे. फंडात पैसे कमी पडतात अशी कुरकूर होती, पुरावा नव्हता. कारखान्याच्या कचेरीने हजेरीचा तक्ता एक्सेलमध्ये दिला आणि कंत्राटदाराने बिलासोबत जोडलेली फंडाची मजकुरी फाइलही दिली. दोन कागद शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडणे कठीण होते, कारण एकात नावे टोकनक्रमाने, दुसऱ्यात यूएएनच्या क्रमाने. वाडीवरच्या एका मुलाने दोन्ही सीएसव्हीत उतरवले, एका क्रमाने लावले आणि ओळीला ओळ भिडवली. नऊ माणसे फंडाच्या फाइलीत नव्हतीच. इतर कित्येकांचे सव्वीस दिवस तेथे सोळा झाले होते. आम्ही तो तक्ता छापून कंत्राटदारापुढे ठेवला. त्याला भाषणाची गरज पडली नाही. राहिलेली वर्गणी भरण्यास मात्र चार महिने भांडावे लागले. तक्ता पुरावा देतो, न्याय माणसांनाच मिळवावा लागतो.

'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झाली नाही. दळणाऱ्याला पीठ दिसले पाहिजे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा सरकारी कामाचे हजेरीपट आणि बिले भर सभेत मोठ्याने वाचली गेली. ऐकणाऱ्या गावकऱ्यांना खरे-खोटे तेथल्या तेथे कळले. त्या चळवळीचे एक फळ म्हणजे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा. त्याच्या दुसऱ्याच कलमात, माहिती संगणकात साठवलेली असेल तर ती फ्लॉपी, टेप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा हक्क सांगितलेला आहे. म्हणजे छापील गठ्ठा घेऊनच परत जावे असे नाही. मोजता येईल अशी फाइल मागता येते.

आणि आपल्याच महाराष्ट्राने याहून मोठा प्रयोग केला आहे. हाती लिहिलेले सात-बारा संगणकात चढवले गेले. चढवताना नावे चुकली, क्षेत्राचे अंक हलले, खातेदार गळाले. तेव्हा २०१७ साली सरकारने गावोगाव 'चावडी वाचन' करविले. तलाठ्याने संगणकातला उतारा गावापुढे वाचावा, खातेदाराने ऐकावे, आणि मूळ हस्तलिखिताशी न जुळणारे दाखवून द्यावे. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला. या योजनेत उणिवा राहिल्या असतील, पण तिच्यामागचे तत्त्व सोन्यासारखे आहे. नोंदीचे रूप बदलले की ती ज्यांची आहे त्यांना वाचून दाखवा. आमचे आजचे सारे प्रतिपादन या दोन शब्दांत येते: चावडी वाचन.

हा आग्रह केवळ गावकीचा नाही. २००६ साली 'ओडीएफ' हा खुला नमुना आंतरराष्ट्रीय मानक ठरला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या नमुन्यालाही मानक म्हणून मान्यता द्यावी की नाही, यावर जगभर मतदान झाले. भारताच्या मानक ब्युरोने २००७ साली आणि पुन्हा २००८ साली विरोधी मत दिले. तो नमुना बहुमताने मान्य झाला, हे खरे. पण २०१० साली भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. जनतेच्या नोंदी एका कंपनीच्या कुलपात असू नयेत, हा विचार सरकारदरबारीही उमटला होता. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने नऊ कामगार कायद्यांखालील ५६ नोंदवह्या आटोपून पाच केल्या आणि त्या संगणकावर ठेवण्यास मुभा दिली. वह्या कमी झाल्या याचे आम्हांस वाईट वाटत नाही. पूर्वी हजेरीवही फाटकाशी टांगलेली असे आणि अंगठा उठवणाराही आपल्या नावासमोरची खूण पाहू शकत असे. आता ती पडद्याआड गेली, तर तिचे वाचन कोण करणार, एवढेच आम्ही विचारतो.

श्रोतेहो, तरुणांसाठी तीन गोष्टी सांगून थांबतो. मूळ फाइल कधी पुसू नका. उतरवायची ती नक्कल. माहिती मागाल तेव्हा मोजता येईल अशा साध्या नमुन्यात मागा. पीडीएफ मिळाली तर पुन्हा मागा. आणि उतरवल्यानंतर ओळी मोजा, बेरीज ताडा, व ज्यांची नावे त्यात आहेत त्यांच्यापैकी चार-दोघांना त्यांची ओळ वाचून दाखवा. तुमच्यापैकी पुष्कळांना हे प्रोग्राम लिहिता येतात. परीक्षेपुरते ते लिहून ठेवू नका. आपल्या आईच्या पेन्शनचा, शेजाऱ्याच्या फंडाचा, सोसायटीच्या काजूच्या वजनाचा तक्ता एकदा तरी उतरवून पाहा. कोठे ना कोठे एखादा आकडा सांडलेला सापडेल, आणि तो ज्याचा आहे त्याच्या घरी जाऊन सांगावे लागेल.